अंतराचा भारांक

दत्तप्रसाद गुरव मालवणच्या बाजारात बांगडे घ्यायला वाकला की मागे उभी असलेली माणसं मुकाट्याने दुसऱ्या मासेवालीकडे वळत. हा बाबा आधी डोळे बघणार, मग कल्ले उचकटणार, मग आकार, मग भाव, आणि एवढं झाल्यावर या चारांपैकी आज कोणाला किती मान द्यायचा याचा विचार करत पिशवी धरून उभा राहणार. तोवर टोपलीतला बर्फ वितळायचा. "मास्तरानू, तुमका बांगडो होयो की जावय?" असं एकीने त्याला चारचौघांत विचारलं होतं, आणि दत्तप्रसादने रागावण्याऐवजी दोन्हींचे निकष कसे वेगळे असतात हे तिला समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून त्याचं नाव निकषमास्तर पडलं. पुढे तो केंद्रप्रमुख झाला, आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शाळा त्याच्या देखरेखीखाली आल्या, माणसं तोंडावर साहेब म्हणू लागली. पाठीमागे मात्र निकषमास्तरच.

हे खूळ त्याने पुण्याहून आणलं होतं. तिथल्या एका प्रशिक्षणात त्याला बहुनिकष निर्णयपद्धती शिकवली गेली. नाव भलंमोठं, पण आत गोष्ट साधी होती. एखादी निवड करायची तर ती कशाकशावर जोखायची हे आधी ठरवा, ते निकष. मग दोन-दोन निकष समोरासमोर उभे करून लोकांना विचारा, यातलं जास्त मोलाचं कोणतं. त्या उत्तरांतून प्रत्येक निकषाला वजन मिळतं, तो भारांक. मग प्रत्येक शाळेला प्रत्येक निकषावर गुण द्या, गुणांना भारांकाने गुणा, बेरीज करा. जिची बेरीज मोठी, ती शाळा. बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत होते, आणि दत्तप्रसाद तिथे प्रेमात पडला.

त्याला कारणही होतं. आजवर त्याच्या भागात शाळांचं सगळं आवाजावर ठरायचं. ज्याचा आवाज मोठा त्याच्या वाडीला संगणक, ज्याचा मेव्हणा पंचायत समितीत त्याच्या शाळेला नवं छप्पर. दत्तप्रसादने हे मोडलं. प्रयोगशाळेच्या सामानाची पेटी आली तेव्हा त्याने निकष लावले, आणि पेटी गेली वरच्या कातळपठारावरच्या, सड्यावरच्या एका शाळेत, जिचं नाव वरच्या कोणाला धड उच्चारता येत नव्हतं. आंब्याच्या दिवसांत शाळेची वेळ काय ठेवायची, वाचनात मागे पडलेल्या मुलांपैकी आधी कोणाला हात द्यायचा, हेही त्याने असंच ठरवलं, आणि ते खरंच चांगलं ठरलं. भांडायला आलेल्या माणसाला तो एकच सांगायचा, "आकडा कोणाच्या बापाचा नसतो."

आता गंमत बघा, हे बोलणाऱ्याच्या बापाला अख्खा गाव निकालासाठीच ओळखत होता. गणपत गुरव ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावायचे. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमिनीचे वाद, लग्नं, नवी होडी पाण्यात कधी उतरवायची, सगळं त्या पाषाणापुढे यायचं. माणसं जिंकून जायची, हरून जायची, पण गणपत गुरवाने पाकळी मुद्दाम कमी ओली केली असं कोणी कधी म्हटलं नाही. कारण म्हाताऱ्याचा एक नेम होता. स्वतःच्या घरचा प्रश्न असला की ते पाषाणाला हात लावत नसत. धामापूरच्या गुरवाला बोलावून घेत. दत्तप्रसादच्या लग्नाचा कौल त्या धामापूरच्या गुरवानेच लावला होता. "तुमी कित्याक नाय लावणास, बाबा?" असं मुलाने विचारल्यावर ते म्हणाले होते, "आपल्या घरचो कौल आपण लावचो नसता रे. हात चोर नसता, पण हाताक घर आठवता."

दत्तप्रसादला हे वाक्य पाठ होतं. पाठ असलेलं नेमकं वेळेला आठवतं, आणि आठवूनही माणूस त्याच्याकडे पाठ करतो. तसंच झालं.

वरून कागद आला. त्याच्या स्वतःच्या गावातल्या दोन लहान शाळांची एक समूह शाळा करायची. एक राहील, तिला नवी खोली, जास्त शिक्षक, सातवीपर्यंतचे वर्ग मिळतील, दुसरी मिटेल. वर, सड्याजवळ सडेवाडीची शाळा. इमारत पक्की, रस्ता दारात. खाली, खाडीला लागून खाजणवाडीची शाळा. इमारत जुनी, पण पोरं जास्त. मधे खाडीचा एक फाटा, त्यावर पोफळीच्या खोडांचा साकव. सडेवाडीच्या घरांत दुचाक्या होत्या, वळसा घालून पोरांना खाली सोडणं तिथल्या बापांना जड नव्हतं. खाजणवाडीच्या घरांत वाहन म्हणजे होडी. त्यांच्या पोरांना वर जायचं तर पायी, साकवावरून. आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी साकव पाण्याखाली जातो हे गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

आणि सडेवाडीच्या शाळेत दत्तप्रसादची बायको संचिता शिकवत होती. समूह शाळेच्या जादा जागा बाहेरून भरायच्या होत्या, त्यामुळे तिची शाळा मिटली असती तर ती अतिरिक्त ठरून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली असती. घरी दत्तप्रसादची आई अंथरुणाला खिळलेली. मधल्या सुट्टीत संचिता धावत येऊन तिला कुशीवर वळवायची, पेज भरवायची आणि घंटेला परत शाळेत असायची. ती गेली तर आईचं कोण करणार?

शेजारच्या केंद्रप्रमुखाला फोन करायचा, एवढंच होतं. बाबा रे, यात माझं घर गुंतलंय, हे तू कर. त्याने फोन हातात घेतलाही. मग त्याला वाटलं, आकडा कोणाच्या बापाचा नसतो, मग माझा तरी कसा असेल? आणि फोन खिशात ठेवला. स्वतःला फसवायला माणसाला दुसऱ्याची वाक्यं लागत नाहीत.

पालकांची सभा देवळाच्या मंडपात भरली. पडदा लावला, त्यावर सगळं दिसत होतं. लपवाछपवी काही नव्हती. दत्तप्रसादने आधी बांगड्याचं उदाहरण देऊन पद्धत समजावली. ताजेपणा मोठा की आकार, असं विचारल्यावर मागून कोणीतरी "बायलेचो सभाव" म्हणालं आणि मंडप हसला. मग त्याने एकेक निकष घेतला. शिक्षक, इमारत, पट, पालकांची साथ. लोक उत्तरं देत होते, तो आकडे भरत होता. शेवटी उरलं अंतर. कच्चा हिशोब त्याने घरी करून पाहिला होता. अंतराला थोडंबहुत जरी वजन पडलं असतं तरी खाजणवाडी पुढे जात होती.

एरवी तो अशा सभेत मालवणीत बोलायचा. हा प्रश्न त्याने कचेरीच्या मराठीत विचारला. "शाळा निवडताना अंतराला किती महत्त्व द्यायचं? जास्त द्यायचं, थोडं द्यायचं, की द्यायचंच नाही?"

खाजणवाडीकडून बोलायला तुळसा होती. खाडीतले खुबे-कालवं काढून विकणारी, तिथल्या शाळा समितीची अध्यक्ष, चौथीतल्या किशोरीची आई. ती उठली, पदर सारखा केला. ती म्हणाली, "अंतर अजिबात देव नकात, सायबानू. आमच्या पोरांका आजपर्यंत कोणी अंतर देवक नाय. तुमीय देव नकात."

मंडपात बसलेल्या प्रत्येकाला ती काय म्हणाली ते कळलं. आम्हाला टाकू नका, असं ती म्हणाली. दत्तप्रसादला तर सगळ्यांत जास्त कळलं. दरवर्षी जत्रेच्या गाऱ्हाण्यात त्याचा बाप ह्याच मंडपात हात जोडून देवाला म्हणायचा, "तुझ्या लेकरांका अंतर देव नको रे म्हाराजा," आणि गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा." हा शब्द त्याने आईच्या दुधासोबत प्याला होता. त्याने एकदाच विचारायचं होतं, "तुळसा, मी वाटेचा विचारतंय गो. साकवाचा." तोंड उघडलंही. मग त्याने मान खाली घातली आणि पडद्यावर अंतरासमोर सगळ्यांत लहान आकडा टाकला. शेजारी लिहिलं, पालकांच्या मते अंतराला महत्त्व नको.

पडदा भरदिवसा सगळ्यांसमोर होता. तो आकडा कशाचा हे विचारावं असं कोणाला वाटलं नाही, कारण तो निकषमास्तरने टाकला होता.

सडेवाडी थोडक्यात पुढे आली. लोकांनी निकाल कौलासारखा घेतला. हरलेल्यांनीसुद्धा हात जोडले. वरच्या साहेबांनी तो अहवाल नमुना म्हणून इतर तालुक्यांना पाठवला. कुडाळला एका कार्यक्रमात दत्तप्रसादला शाल आणि नारळ मिळाला. लोकांनीच ठरवलं, लोकांच्याच तोंडून भारांक आले, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. ती शाल त्याने घरी आणून कपाटाच्या तळाशी घातली. संचिताने आईच्या पायांवर टाकायला बाहेर काढली तेव्हा तो तिच्यावर उगाचच खेकसला.

जूनमध्ये खाजणवाडीच्या शाळेला कुलूप लागलं. त्यानंतर काही दिवसांनी तुळसा त्याच्या कचेरीत आली. छत्री मिटून दाराच्या आत टेकवली आणि तिथेच उभी राहिली. तो बस म्हणाला तरी बसली नाही.

"सायबानू, एक विचारूचा होता," ती म्हणाली. "मी त्या दिवशी काय बोललंय?"

"म्हणजे?"

"वाडीतली लोका म्हणतत, तुळसान शाळा घालवल्यान. कागदार लिवलला आसा म्हणे, खाजणवाडीच्या अध्यक्षबाय म्हणाली अंतराक किंमत देव नकात. माका तर आठवता, मी सांगलंय पोरांका अंतर देव नकात. मगे ह्या कसा झाला? माझ्या तोंडातसून काय वायट गेला काय?" तिचा आवाज खाली आला. "घोव पण बोलणा नाय माझ्याशी. म्हणता, मोठी सभेत बोलूक गेलंस."

ती जाब विचारायला आलीच नव्हती. आपली चूक काय झाली ते समजून घ्यायला आली होती.  आता सांग, त्याने स्वतःला म्हटलं, आता, दारात दुसरं कोणी नाही. आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते शुद्ध, स्वच्छ, कचेरीचं मराठी होतं.

"हे बघा, अंतराला महत्त्व देऊ नका असं तुम्हीच सांगितलं होतं. सभेत सगळ्यांनी ऐकलं आहे. प्रक्रिया पूर्ण झालेली आहे."

तुळसाने मान हलवली. "म्हंजे माझाच चुकला," असं पुटपुटून ती छत्री घेऊन गेली. जाताना तिने जमिनीवर सांडलेलं छत्रीचं पाणी पायपुसण्याने पुसलं. दत्तप्रसाद खुर्चीत बसून राहिला. अहवाल लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली होती, शाल घेताना वाटली होती; पण त्या लाजेबरोबर जगता येत होतं. ही वेगळी होती. एका बाईला तिच्याच शब्दांत त्याने बुडवलं होतं, आणि ती त्याच्या कचेरीची जमीन पुसून गेली होती.

पावसाळाभर खाजणवाडीची बातमी रोज घरात येत राहिली. संचिता बिचारी सहज सांगायची. आज साकव बुडाला, खाजणवाडीचं एकही पोर आलं नाही. आज दोघं आली, ओली चिंब, त्यांना ऑफिसात बसवून कपडे वाळवले. किशोरीने यायचं बंदच केलं, आईबरोबर खुबे काढायला जाते म्हणे. हजेरी घेताना ती नावं वाचते आणि समोरून कोणी 'हजर' म्हणत नाही, तेव्हा कसंतरी होतं. दत्तप्रसाद पानावरून अर्धा उठायचा. एकदा तिने विचारलंच, "तुमका काय झाला आसा?" तो म्हणाला, "काय नाय गो, पित्त." संचिताने सुंठ उगाळून दिली आणि त्याने ती पित्त झाल्यासारखी प्यायली. तिला कसं सांगणार? सांगितलं असतं तर तिची नोकरी तिला विषासारखी झाली असती. निदान तो स्वतःला असं सांगत होता. खरं कारण हे होतं की त्या घरात आपल्याला सरळ माणूस समजणारं एक तरी माणूस उरावं असं त्याला वाटत होतं.

दिवाळीनंतर समूह शाळेची नवी खोली तयार झाली. उद्‌घाटनाला वरचे साहेब येणार, दोन्ही वाड्या बोलावलेल्या. फीत कापण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही गावची रीत. गणपत गुरव वारल्यापासून देवळाचं काम दत्तप्रसादचा चुलतभाऊ विनीत बघायचा. पूजा चोख करायचा, पण गाऱ्हाणं घालताना त्याची बोबडी वळायची. त्यामुळे सगळ्यांनी दत्तप्रसादला पुढे केलं. गणपत गुरवाचा मुलगा, शिवाय शाळा त्यानेच मिळवून दिलेली. त्याने नको म्हटलं. लोकांना तो विनय वाटला.

तो नारळासमोर उभा राहिला. समोर सडेवाडी नटून बसली होती. मागे, भिंतीला धरून, खाजणवाडीच्या बायका, आणि त्यांच्यापासूनही जरा बाजूला तुळसा. तिच्याशेजारी कोणी उभं नव्हतं.

"बा म्हाराजा, गावच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां हात जोडून उभी आसत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या विद्येच्या घराक कोणाची वाकडी नजर लागली असात, तर ती दर्यापार कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

बापाचा आवाज त्याच्या गळ्यातून येत होता, लोक खूश होते. अंतराची ओळ आली तशी त्याने ती गिळली आणि पुढची घेतली. पण गाऱ्हाणं गावाला पाठ असतं. नारळाशेजारी उभा असलेला विनीत हळूच म्हणाला, "दत्ता, अंतराचा रवला."

दत्तप्रसादने गाऱ्हाणं थांबवून नजर वर केली. फोटो काढणाऱ्याने मोबाईल खाली घेतला. मागे तुळसा हात जोडूनच उभी होती, इतर सगळ्यांसारखीच, ती ओळ यायची वाट बघत.

"बा म्हाराजा," तो म्हणाला, "ह्या लेकरांका अंतर देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तुळसान त्या दिवशी देवळात हीच गोष्ट सांगितल्यान. माका कळली होती. कळान सवरान मी उलटा लिवलंय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाव एका सुरात म्हणाला.

 कोणी ऐकतच नव्हतं. नारळापुढे सूर चढला की व्हय म्हणायचं, एवढंच त्या माणसांना ठाऊक होतं. सभेतही त्यांनी तेच केलं होतं, आणि त्यावरच त्याने आपलं काम साधून घेतलं होतं. आता तो आपलं पाप सांगत होता आणि लोक त्याला होकार देत होते.

"माझ्या घरासाठी लिवलंय. तुळसाचो काय्येक दोष नाय, दोष माझो आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

पहिल्या रांगेत बसलेली संचिता तेवढी म्हणाली नाही. तिचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेला तोंड देणं त्याला जमेना.

विनीतने नारळ फोडायला उचलला. साहेबांनी फितीकडे पाऊल टाकलं. संपलं, कोणी ऐकलं नाही, सुटलास, असं त्याच्या आतलं कोणीतरी म्हणालं. आणि सुटल्याचं बरं वाटलं, याची त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"सायबानू." मागून तुळसाचा आवाज आला. ती भिंत सोडून पुढे आली होती. "ता परत एकदा सांगा. लोकांनी आयकूक नाय."

विनीतचा हात वरच राहिला. बसलेली माणसं मागे वळली, मग दत्तप्रसादकडे. त्याने जोडलेले हात सोडले. नारळाकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून, देवाचं नाव न घेता, सगळं पहिल्यापासून मालवणीत सांगितलं. या वेळी कोणी व्हय म्हटलं नाही.